सगळ्यात मागची सायकल

शिंपी असल्यामुळे म्हणा किंवा मुळातच भिडस्त असल्यामुळे म्हणा, गार्ड माणसं ओळखायचा ती पाठीवरून. समोरून कोणी हसत आलं, "काय, बरं आहे ना" म्हणालं, की तो गोंधळायचा आणि हो-हो करत वेळ मारून न्यायचा. तोच माणूस चार पावलं पुढे गेला की याच्या डोक्यात उजेड पडायचा. अरे, हा तर कंपाउंडर. उजवा खांदा वर, मान आखूड, कॉलर जरा बसकी ठेवावी लागते. मग मागून हाक मारायची लाज वाटायची आणि भेट राहून जायची.

त्याचं दुकान म्हणजे कोपऱ्यावरची एक खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा. गिऱ्हाईक आरशात स्वतःला निरखत उभं राहायचं आणि हा त्याच्या मागे, तोंडात टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, हे त्याला या धंद्यातलं सगळ्यात मोठं सुख वाटायचं. बायको म्हणायची, "जेवतानाही दोन ठेवत जा. म्हणजे भाजी कशी झालीय ते सांगायला नको."

गार्ड हे त्याचं खरं नाव नव्हे. ते त्याला नदीकाठच्या सहलीनं दिलं.

शाळेत इतिहास शिकवणारे सर एकदा पँट आखूड करून घ्यायला आले होते. दाराशी टेकवलेली त्याची सायकल त्यांनी पाहिली. जुनी, जड, पण साखळीला तेल, ब्रेक चोख. "तुमची का?" सरांनी विचारलं. त्यानं मान हलवली. "मग रविवारी या आमच्याबरोबर. दर थंडीत आम्ही नदीच्या खोऱ्यातून चक्कर मारतो. जुना पूल, पहाऱ्याचा बुरूज आणि शेवटी जकातघर. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत घरी. याल ना?" नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं आणि टाचण्या पडल्या असत्या. म्हणून तो गेला.

तिथे पाहतो तर ही गर्दी. कंपाउंडर होता, बेकरीवाला होता, शाळेतल्या उंच बाई होत्या. त्या मोठा थर्मास खांद्याला लावून यायच्या म्हणून त्यांना थर्मासबाईच म्हणायचे. आणखी बरेच होते. सगळ्यांनी एकदम वळून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो सायकलची हवा तपासायला खाली बसला, आणि सगळे निघेपर्यंत उठलाच नाही. अशा रीतीनं तो शेवटचा झाला. पुलाशी पोचल्यावर सर म्हणाले, "शेवटी कोणीतरी भरवशाचा हवाच होता आम्हाला. मी इंजिन, तुम्ही गार्ड." आणि खिशातून शाळेच्या मैदानावरची पितळी शिट्टी काढून त्यांनी त्याच्या गळ्यात घातली. नियम दोनच. इंजिनाच्या पुढे कोणी जायचं नाही आणि गार्डच्या मागे कोणी राहायचं नाही. कोणी मागे पडलं तर गार्डनं शिट्टी मारायची, की पुढची सगळी गाडी थांबणार.

ही जागा त्याला अशी मानवली की जणू मापानं शिवून दिलेली. मागून कोणी बघत नाही. पुढे सगळ्यांच्या पाठी, आणि त्यातल्या निम्म्या पाठींवर त्यानंच शिवलेले शर्ट. आरशासमोर ताठ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जो शर्ट झकास बसतो, तोच सायकलवर वाकल्यावर काखेत कसा ओढला जातो, ते त्याला इथे कळलं. मग तो पाठीत खांद्याखाली एक चूण जास्त ठेवायला लागला. कोणाला सांगितलं नाही. कंपाउंडर एकदा म्हणाला, "या वर्षी चढ सोपा वाटतोय बुवा." गार्ड मागे गालात हसला.

सरांचा डावा खांदा थोडा उतरता होता. त्यांच्या कोटात डावीकडे तो कापसाचा एक थर जास्त भरायचा. तेही त्यानं कधी सांगितलं नाही.

मागे राहण्यात एकच खोट होती. सरांना धीर नसे. पूल असो, बुरूज असो, तिथे पोचले की पहिल्या दोघा-तिघांना गाठून ते गोष्ट सुरू करायचे. गार्ड कोणाचं पंक्चर काढून, कोणाची साखळी चढवून पोचेपर्यंत गोष्ट संपत आलेली असायची. त्यामुळे खोऱ्यातल्या सगळ्या इतिहासाचे त्याला शेवट ठाऊक होते, सुरुवाती नव्हत्या. घरी बायको विचारायची, "काय सांगितलं सरांनी?" तो म्हणायचा, "साहेब बराच वेळ कोठडीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, याला आधी जेवायला वाढा."

"कोण साहेब? कोठडीत कोण?"

"ते मी पोचायच्या आधी झालं."

"इतक्या लांब सायकल हाणायची आणि अर्धी गोष्ट घेऊन यायची. तुमच्यासारखे तुम्हीच."

मग हळूहळू गाडीचे डबे सुटत गेले. बेकरीवाल्यानं मोटार घेतली. थर्मासबाई भावाकडे राहायला गेल्या. कंपाउंडर एका हिवाळ्यात होता आणि पुढच्या हिवाळ्यात नव्हता. नवीन कोणी येईना. असं करता करता एका वर्षी सकाळी पाराशी दोघंच उभे होते, इंजिन आणि गार्ड. थोडी वाट पाहिली. मग सर निघाले, आणि गार्ड थांबला. मधे जेवढी माणसं मावायची तेवढी जागा सोडून मग त्यानं पायडल मारलं. त्यानंतर दर वर्षी हे असंच. दोन म्हातारे, मधे लांबलचक रिकामा रस्ता. तो बुरुजाशी पोचायचा तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून गोष्ट सांगत असायचे, आणि त्याच्या वाट्याला नेहमीप्रमाणे शेवट यायचा. बरोबरीनं जायचं कधी दोघांच्या मनातच आलं नाही.

यंदा थंडी सुरू झाली तशी सरांची लेक दुकानात आली. ती दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून तशीच आली होती, पायात पांढरे बूट. टेबलावर सरांचा कोट ठेवून म्हणाली, "गार्डकाका, हा आत घ्यायचाय. बाबा बारीक झालेत."

कोट निव्वळ निमित्त आहे, हे त्याला कळलं. ती स्टुलावर बसली.

"मागच्या महिन्यात पाव आणायला म्हणून सायकल घेऊन निघाले. दुपारी गिरणीच्या फाटकाशी सापडले. तिथल्या वॉचमनला विचारत होते, शाळा कुठल्या गल्लीत आहे. घर दोन गल्ल्यांवर, काका."

गार्ड कोटाची शिवण चाचपत राहिला.

"तुमची सहल तोंडावर आलीय. रोज सायकल पुसतात. नाही म्हणवत नाही मला. जाऊ दे यंदा. पण वाट चुकले, तर सायकल माळ्यावर. त्यांनाही सांगितलंय तसं. आणि काका, तुम्ही मला खरं सांगायचं. त्यांना सांभाळून घ्यायला म्हणून थाप नाही मारायची. मारलीत तरी मला कळेल."

"मला कुठे येते," गार्ड म्हणाला.

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय," ती हसून म्हणाली. जाताना दारातून वळली. "तुम्ही मागे आहात म्हणून मला घोर नाही."

ती गेल्यावर मात्र याला घोर लागला. सायकल माळ्यावर गेली की सर खुर्चीत बसणार, आणि खुर्चीत बसलेले सर किती दिवस टिकतील ते सांगायला नर्स नको होती. आणि रस्त्याचं म्हणाल तर याला तो येतच नव्हता. इतकी वर्षं तोच रस्ता, पण पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून जाणाऱ्याला वळणं कशी लक्षात राहणार? त्यानं घरी बायकोला सांगितलं.

"मग यंदा तुम्ही व्हा पुढे."

"पुढे?"

"पुढे म्हणजे पुढे. सायकलला दोन्हीकडे चाकच असतं."

"सरांना काय वाटेल?"

"सरांना काय वाटेल, सरांच्या सायकलीला काय वाटेल," ती म्हणाली आणि त्याला चार उकडलेली अंडी, पाव आणि संत्री बांधून दिली.

सकाळी धुकं होतं. सर नव्या उमेदीनं निघाले. पुलापर्यंत सगळं सुरळीत. सातही कमानी धुक्यात अर्ध्या बुडालेल्या, खाली पाणी नुसतं ऐकू येणारं. गार्ड पोचला तेव्हा सर कठड्याला सांगत होते, "...आणि म्हणून तो गवंडी पुन्हा कधी या पुलावरून गेला नाही." बुरुजाशीही तेच. दोघांनी पायरीवर बसून एकेक अंडं खाल्लं. गार्डचा जीव भांड्यात पडला.

बुरुजानंतर कालव्याशी दोन वाटा फुटतात. सर डावीकडे वळले. नवा डांबरी रस्ता, काळाभोर, सरळ. गार्डही वळला, पण त्याच्या पायांना काहीतरी खटकलं. इथे बेकरीवाल्याच्या कॅरिअरचा डबा वाजायला हवा होता. दर वर्षी बुरूज सोडला की थोड्या वेळात तो डबा खडखडायला लागायचा आणि पार जकातघर येईपर्यंत थांबायचा नाही. म्हणजे इथे दगड असायला हवेत. डबा गेला, बेकरीवाला गेला, पण दगड कुठे जातील?

त्यानं शिट्टी मारली.

पुढे सर थांबले. एक पाय जमिनीवर टेकून त्यांनी मान वळवली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं विचारलं, "कोण राहिलं?"

मधला रस्ता मोकळा होता. गार्डनं तो पाहिला, सरांनीही पाहिला.

"कोणी नाही, सर."

"मग शिट्टी कशाला?"

"मला वाटलं... वाट वेगळी वाटतेय."

"वाट दाखवणं माझं काम," सर म्हणाले आणि पायडल मारलं. गार्ड मागे निघाला. नियमच तसा होता. तो सोडून सरांच्या पुढे सायकल घालायची, या विचारानंच त्याचे कान तापले. चुकीच्या रस्त्यानं, पण मधलं अंतर बरोबर राखून, दोघं बराच वेळ गेले.

रस्ता एका गोदामाशी संपला. पत्र्याची भिंत, काटेरी तार आणि पलीकडे वाळूच्या ढिगाऱ्यांमागे नदी. सर सायकल धरून उभे होते. गार्डनं त्यांची पाठ पाहिली. दोन्ही खांदे उतरले होते, कापसाचा थर असूनही.

"जकातघर हलवलं काय हो?" सर म्हणाले. मग हळूच, "गार्ड, आपण कुठे आहोत?"

"मला माहीत नाही, सर."

"असं कसं? किती वर्षं येताय तुम्ही."

"मी तुमच्या मागे येत होतो."

सरांनी यावर विचार केला. "म्हणजे दोघांनाही येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली भीती जराशी कमी झाली.

गोदामाचा रखवालदार बाहेर आला. जकातघर वगैरे त्यानं ऐकलं नव्हतं, तोही बाहेरगावचाच. गावात परत जायचं तर महामार्गानं जा, म्हणाला. महामार्गावर ट्रक धावत होते. तिथे सरांना घालणं म्हणजे त्यांच्या लेकीला तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"सर," गार्ड म्हणाला. आणि त्यानं शिट्टी गळ्यातून काढून सरांच्या हातात दिली. "आता तुम्ही मागून या."

सरांनी शिट्टीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "मी कधी मागून गेलो नाहीये."

"मी कधी पुढे गेलो नाहीये."

"चला तर मग," सर म्हणाले आणि शिट्टी गळ्यात घातली.

कालव्याच्या फाट्यापर्यंत मागे येणं सोपं होतं. तिथून दुसरी, कच्ची वाट लागली, आणि थोड्याच वेळात सायकल खडखडू लागली. दगड. गार्डच्या कानात तो डबा वाजला. पण पुढे वाटेला आणखी वाटा फुटत होत्या, आणि त्याला रस्त्यांपैकी एकही आठवत नव्हता. आठवत होत्या त्या पाठी. थर्मासबाई एका ठिकाणी सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारायच्या, पाठीतली चूण पूर्ण उघडायची. म्हणजे तिथे चढ. तो चढाच्या वाटेला लागला. पुढे कंपाउंडरचा शर्ट डावीकडून फुगायचा. म्हणजे नदीचा वारा डाव्या अंगाला हवा. तो डावीकडच्या वाटेवर थोडा गेला, वारा तोंडावर आला, तसा परत फिरला. आणि एक जागा अशी होती की जिथे सगळ्यांच्या माना एकामागून एक खाली जायच्या, सरांपासून सुरू होऊन त्याच्यापर्यंत. तुतीच्या झाडाची फांदी. ती फांदी आता नव्हती, पण खोड होतं आणि तोडल्याचा जुना वण होता. त्यानं तरी मान खाली घातली. मागे वळून पाहतो तर सरांनीही घातलेली.

सारखं मागे वळून पाहण्यापायी तो दोनदा खड्ड्यात गेला.

"पुढे बघा हो," सर ओरडले. "मी आहे." आणि जरा वेळानं, "गार्ड, तुमचा शर्ट पाठीत उसवलाय."

"काय?"

"मधोमध. वीतभर. बनियन दिसतंय."

गार्डनं एक हात मागे नेऊन चाचपलं. खरंच. शिवण जुनी झालेली, कधी सुटली कोण जाणे. त्याच्या मागे कधी कोणी नव्हतंच, सांगणार कोण? त्याला आधी लाज वाटली आणि मग हसू आलं. मागून सरही हसत होते. शिंप्याचाच शर्ट, असं काहीतरी म्हणत होते.

जकातघर दिसलं तेव्हा दुपार कलली होती. नदीला लागून काळ्या दगडाची बसकी इमारत, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, पायऱ्यांशी लोखंडी कडं. दोघं पायऱ्यांवर बसले. गार्डनं संत्री सोलली. सर बोलायला लागले, आणि पहिल्यांदाच गार्ड सुरुवातीला हजर होता.

"इथे नदीवर साखळी होती. या काठापासून त्या काठापर्यंत. जकात दिल्याशिवाय नाव जायची नाही, आणि वरून हुकूम आल्याशिवाय साखळी उतरायची नाही. इथला जकातदार असा कडक, की सख्ख्या भावाची नाव त्यानं अडवली होती. मग एका वर्षी पूर आला. वरच्या गावांतली माणसं नावांत बसून खाली आली, बायका, पोरं, गुरं. नावा साखळीला येऊन अडकल्या. पाणी चढतंय. आणि मग त्यानं... मग तो..."

सरांनी हातातल्या फोडीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गिरणीच्या फाटकाशी कसा दिसला असेल ते गार्डला कळलं.

"मग त्यानं साखळी कापली," गार्ड म्हणाला. "आणि सगळे पार गेल्यावर स्वतःच कोठडीत जाऊन बसला. साहेब आले. बराच वेळ कोठडीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, याला आधी जेवायला वाढा."

सर त्याच्याकडे बघत राहिले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"चांगलं सांगितलं की मी," सर म्हणाले आणि फोड तोंडात टाकली.

परतीची वाट आता पायाखालची होती, त्यामुळे सोपी गेली. सरांच्या फाटकाशी पोचले तेव्हा उजेड अजून होता. लेक पायरीवर बसली होती. दोघांना पाहून उठली. कोण पुढे होतं आणि कोण मागे, ते तिनं पाहिलं असणार. तिनं आधी सरांना पाणी दिलं. मग गार्डकडे वळली.

"काय काका?"

गार्डनं सायकलच्या घंटीवरून बोट फिरवलं. टाचण्या हव्या होत्या तोंडात. सर फाटकाला धरून जमिनीकडे बघत होते.

"चुकले," तो म्हणाला. "कालव्याशी. मी शिट्टी मारली, पण पुढे होऊन अडवलं नाही. मला धीर झाला नाही. पार गोदामापर्यंत गेलो. मग मी पुढे झालो. मग सापडलं."

"तुम्ही पुढे झालात?"

"हो."

"हा शर्ट उसवलेला असताना," सर म्हणाले. कोणी हसलं नाही. सरांनी सायकल भिंतीकडे वळवली. "ठरलं होतं तसं कर," ते लेकीला म्हणाले. "माळ्यावर टाकायच्या आधी साखळीला तेल दे, नाहीतर गंजते."

मग तिनं सायकलला कुलूप लावलं, किल्ली काढली आणि गार्डच्या हातात ठेवली.

"ही तुमच्या दुकानात राहील. बाबांना सायकल हवी असेल तेव्हा तुमच्याकडे येतील, चालत. दोन घरं टाकून तर दुकान आहे, तेवढं येतं त्यांना. आणि तुम्ही बरोबर असाल तरच."

"म्हणजे मला माझ्या सायकलीसाठी शिंप्याच्या पायऱ्या चढायच्या?" सर म्हणाले.

"हो."

"आणि पुढे कोण?"

"काका पुढे."

गार्डनं किल्ली मुठीत घट्ट धरली. चूक आपलीही होती असं त्याला वाटत होतं, आणि बक्षीस मात्र आपल्यालाच मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर दुकानात हजर. कोटाचं बटण ढिलं झालंय म्हणाले. बटण घट्ट होतं. गार्ड आरशासमोर एका गिऱ्हाइकाचं माप घेत होता. त्यानं टेप गळ्यात टाकला आणि खिळ्यावरची किल्ली काढली. गिऱ्हाईक हात वर करून तसंच उभं. "पाठीचं झालंय," गार्ड त्याला म्हणाला, "पुढचं आल्यावर घेतो."

आता रोज संध्याकाळी दोघं नदीपर्यंत जाऊन येतात. मान वळवून वळवून गार्ड पुन्हा एकदा खड्ड्यात गेला, तेव्हा बायकोनं कपाटातला छोटा आरसा काढून दिला. तो त्यानं हँडलला बांधलाय. रस्त्यावर नजर ठेवायची तर त्याची आरशातच जास्त असते. आरशात सरांचं तोंड दिसतं, वाऱ्यानं डोळे बारीक झालेलं, काहीतरी बोलत असलेलं. इतक्या वर्षांत त्यानं ते असं कधी पाहिलंच नव्हतं.

"काय बघताय सारखं आरशात?" सर मागून विचारतात.

"तुम्ही येताय ना, ते."

"येतोय की. चला."